परदेशी जाताना सिम कोणतं घ्यावं? आधी आपला नंबर, मग तिकडचं नेट

आत्या लेकीकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा तिचं इथलं सिम बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी, देवघरातल्या जुन्या कुंकवाच्या डबीत होतं. हरवू नये म्हणून तिनेच ते फोनमधून काढून कापसात गुंडाळून ठेवलं होतं. तिकडे जावयाने नवं सिम घालून दिलं, रोज व्हिडिओ कॉल व्हायचे, सगळं छान चाललं होतं. चौथ्या महिन्यात तिला इथली एक एफडी मोडायची वेळ आली. नेटबँकिंग उघडलं, ओटीपी मागितला आणि तो गेला थेट डबीतल्या सिमवर. मी धावत जाऊन डबी आणली, सिम माझ्या फोनात घातलं, तर ८४ दिवसांचं रिचार्ज केव्हाच संपलेलं. रिचार्ज केलं, नेटवर्क येईपर्यंत थांबले. इथे दुपारचे बारा, तिकडे रात्रीचे अडीच. आत्या चष्मा लावून जागी, मी एकेक आकडा सांगतेय, ती टाइप करतेय, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. तिसऱ्या चुकीनंतर खातं दिवसभरासाठी बंद पडलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातून कुणीही परदेशी निघालं की त्यांचा फोन आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर येतो. बडोद्यात आता असं मराठी घर शोधावं लागेल, ज्यातलं कुणी अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात नाही. आई-वडील चार-सहा महिने जातात, तरुण मंडळी आठ दिवस दुबई-सिंगापूर करून येतात, कुणी ग्रुप टूरने युरोप बघून येतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "स्वस्तात जास्त जीबी कशात मिळतील?" मी त्यांना आधी दुसराच प्रश्न विचारते, तुमच्या बँकेचे मेसेज कोणत्या नंबरवर येतात?

पहिलं काम: भारतातला नंबर जागा ठेवा

तिकडे कोणतंही सिम घ्या, पण इथलं सिम फोनमध्येच राहू द्या. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, आयकराचं पोर्टल, म्युच्युअल फंड, सगळं त्याच नंबराला बांधलेलं आहे. यूपीआय अ‍ॅप तर नव्या फोनवर सुरू करताना त्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवून खात्री करतं. सिम काढलं, फोन बदलला, की ती खात्री पुन्हा मागितली जाते आणि परदेशातून तो एसएमएस गेला तर गेला, नाही तर नाही. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपना आदेश दिला की ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. तेव्हा सिम काढून घरी ठेवण्याची जुनी सवय सोडायलाच हवी.

यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक, रिचार्जची मुदत. दोन, आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा, म्हणजे इथलं सिम परदेशातल्या नेटवर्कवर चालण्याची सोय. दोन्ही असतील तरच परदेशात एसएमएस पोचतो.

रिचार्जचं सांगते. प्रीपेड असेल तर मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, त्यावर पंधरा-वीस दिवस जास्तच, अशी मुदत हवी. तिकडे सहा महिने बसून इथला रोजचा दीड जीबी डेटा काही उपयोगाचा नाही, त्याचे पैसे कशाला भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की डेटा नको असणाऱ्यांसाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवा आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. त्यानंतर कंपन्यांनी ८४ आणि ३६५ दिवसांचे असे प्लॅन आणले. दीर्घ मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी मी डोळे मिटून वर्षाचा कॉल-एसएमएस प्लॅन टाकते. परत आल्यावरही तो चालू असतो. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हे प्लॅन पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात.

रोमिंगची सेवा बहुतेक कनेक्शनवर मुळात बंद असते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा ग्राहक सेवेला फोन करून ती चालू करून घ्या आणि हे इथे असतानाच करा. काही कनेक्शनवर एखादा छोटा रोमिंग पॅक घेतल्याशिवाय ती चालूच होत नाही, काहींवर नुसती चालू केली की भागतं. ग्राहक सेवेला नेमका हाच प्रश्न विचारा: "मला तिकडे फक्त एसएमएस यायला हवेत, त्यासाठी काय करावं लागेल?" परदेशात येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. येणाऱ्या कॉलला मात्र पडतात, आणि पॅक नसेल तर चांगलेच पडतात. म्हणून निघण्याआधी नातेवाइकांना सांगून ठेवा की फोन व्हॉट्सअ‍ॅपवरच करायचा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेला असेल, तर तेही बंद करा, नाहीतर वळवलेल्या कॉलचेही पैसे लागतात.

पोस्टपेडवाल्यांनी याहून जास्त जपावं. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की गाडी थांबते, पोस्टपेडमध्ये बिल वाढत राहतं. रोमिंग पॅक घेतला नसेल तर त्या सिमचं डेटा रोमिंग सेटिंगमधून बंद करूनच विमानात बसा.

दुसरं काम: फोनची कुंडली बघा

डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, दिसतील. त्याच्यासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर फोनमध्ये ई-सिम चालतं. नाही दिसला तर दुसऱ्या सिमच्या खाचेवरच भागवावं लागेल आणि ती खाच मेमरी कार्डाने अडवलेली नाही ना, तेही बघा. कित्येक फोनमध्ये दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते.

ई-सिम म्हणजे काय, हे मी ज्येष्ठांना असं सांगते: फोनच्या पोटात एक कोरी चिप आधीपासून बसवलेली आहे, कंपनी तिच्यावर आपला नंबर लिहून पाठवते. क्यूआर कोड स्कॅन केला की ते लिखाण उतरतं. हा कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. चुकून ई-सिम डिलीट केलं तर तोच कोड पुन्हा स्कॅन करून उपयोग नाही, कंपनीकडून नवा मागावा लागतो.

आता माझं ठाम मत. भारतातलं सिम साधं, हातात धरता येणारं ठेवा आणि परदेशातलं ई-सिम घ्या. उलटं करू नका. कारण फोन तिकडे पडला, फुटला, तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनात घालता येतं. भारतातलं ई-सिम नव्या फोनवर आणायला पुन्हा ओटीपी, पुन्हा मेसेज, आणि ते येणार त्याच फुटलेल्या फोनवर.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे बऱ्याच घरांत लागू पडतो. लेक किंवा सून अमेरिकेहून आयफोन भेट पाठवते. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. अशा फोनवर भारतातला नंबर हवा असेल तर तो ई-सिम करावाच लागतो आणि ते काम निघण्याच्या निदान आठवडाभर आधी इथे उरकावं. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद राहतात. आदल्या दिवशी बदललंत, तर विमानतळावर कार्ड वापरताना ओटीपी येणार नाही. याच कामाच्या नावाखाली फसवणूकही चालते. "तुमचं सिम ई-सिम करून देतो, हा मेसेज पुढे पाठवा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. तो मेसेज पाठवला की तुमचा नंबर समोरच्याच्या फोनात जातो आणि पाठोपाठ ओटीपीही. हे बदल स्वतः कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा दुकानात समोर बसूनच करा.

भेट आलेला फोन एखाद्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक्ड, नाही ना हेही बघून घ्या. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे कॅरिअर लॉकसमोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं लिहिलेलं हवं.

तिसरं काम: कोण, कुठे, किती दिवस

पर्याय तीनच आहेत. भारतातल्या कंपनीचा रोमिंग पॅक, प्रवासाचं डेटा ई-सिम किंवा सिम, आणि त्या देशातल्या कंपनीचं स्थानिक सिम.

रोमिंग पॅकची सोय मोठी आहे. नंबर तोच, सिम तेच, उतरलं की चालू. आठ-दहा दिवसांच्या टूरवर निघालेल्या साठी-सत्तरीतल्या जोडप्याला मी हाच घ्यायला सांगते, थोडे पैसे जास्त गेले तरी. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करण्यापलीकडे सहसा काही बदलावं लागत नाही आणि कुठे चुकामूक झाली तर टूर मॅनेजरला साधा फोन लावता येतो. फक्त पॅक घेताना तीन ओळी नीट वाचा. पहिली, देशांची यादी. दुसरी, दिवस कसा मोजतात: पहिल्या वापरापासून २४ तास, की भारतातल्या मध्यरात्रीपर्यंत? मध्यरात्रीचा हिशेब असेल तर युरोपात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेआठलाच तुमचा दिवस संपतो. तिसरी, त्या देशात कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर पॅक चालतो. काही पॅक ठरावीक कंपनीवरच लागू असतात, फोनने दुसरीच पकडली तर साध्या महागड्या दराने पैसे कापले जातात. त्या कंपनीचं नाव कागदावर लिहून घ्या आणि गरज पडली तर सेटिंगमध्ये जाऊन हाताने निवडा.

प्रवासाचं डेटा ई-सिम दोन-तीन आठवडे फिरणाऱ्यांना, सतत नकाशे आणि फोटो लागणाऱ्यांना परवडतं. बहुतेकांत कॉलची सोय नसते, नुसतं नेट. व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या जुन्याच नंबरवर चालू राहतं. नवं सिम दिसलं की अ‍ॅप कधी विचारतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणायचं. भारतात अशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या प्रसिद्ध कंपन्यांची अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवरून काढली गेली होती. परवानगी असलेला विक्रेता तुमच्याकडे पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागतो, म्हणून कुणी कागदपत्रं मागितली तर कुरकुर करू नका. कागदपत्रं न मागता जो देतोय, त्याच्याकडून घेताना विचार करा.

महिन्याच्या वर मुक्काम असेल तर स्थानिक सिम. यात माझ्या मनात दुमत नाही. अमेरिकेत आई-वडील सहा महिने राहणार असतील तर त्यांना तिथला नंबर हवाच. डॉक्टरची वेळ, औषधाच्या दुकानातून येणारा मेसेज, शेजारीण, नातवाची शाळा, यांपैकी कुणीच भारतातल्या नंबरवर फोन करत नाही. मुलगा किंवा मुलगी आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घेते, तेच बरं पडतं. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर मुलांनाच तिकडून लाइन घ्यायला सांगा आणि क्यूआर कोड इथे मागवा. आई-बाबा विमानातून उतरले की त्यांच्या हातात तिथला नंबर चालू असतो. अनोळखी विमानतळावर लेकीला "आलो गं" म्हणता आलं, याचं समाधान ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ते कळेल.

कुटुंबातले चौघे एकत्रच फिरणार असतील तर चौघांना चार डेटा पॅक घेऊ नका. दोन घ्या, बाकीच्यांना हॉटस्पॉट. एकच घेण्याचा मोह टाळा. तो एक फोन ज्याच्या खिशात असतो, नेमका तोच माणूस मॉलमध्ये चुकतो.

देशोदेशीचे वळसे

युरोपचं आधी सांगते, कारण आमच्या घरात तिथेच फसगत झाली. धाकटे दीर आणि जाऊबाई बारा दिवसांच्या टूरला गेले, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. बडोद्यातूनच एक "युरोप" नावाचं ई-सिम घेतलं होतं. पॅरिसात झकास चाललं. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिस डोंगराच्या बर्फातून केबल कारने एंगेलबर्गला खाली उतरले तेव्हा गर्दीत ग्रुप पुढे निघून गेला आणि फोनवर नेटवर्कच नाही. त्या ई-सिमच्या माहितीपत्रकात तीसच्या वर देशांची नावं होती, स्वित्झर्लंड त्यात नव्हतं. अर्ध्या तासाने स्टेशनवरच्या वायफायवरून मेसेज गेला, बस थांबवून ठेवली होती. त्या अर्ध्या तासाबद्दल जाऊबाई अजून बोलतात.

यामागचं कारण असं. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालावं. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, ब्रिटनही आता नाही. म्हणून फ्रान्समध्ये किंवा इटलीत घेतलेलं सिम या दोन ठिकाणी चालेलच असं नाही. आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये तर स्वित्झर्लंड असतंच. "युरोप" या शब्दावर जाऊ नका, यादीत बोट ठेवून दोन्ही नावं शोधा.

अमेरिकेत अडचण फोनची येते. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, म्हणजे आता साधा कॉलही फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीनेच होतो. भारतात विकलेल्या प्रत्येक फोनला तिथल्या प्रत्येक कंपनीवर ही सोय मिळत नाही. एटीअँडटी तर ठरावीक मॉडेलच स्वीकारते. शिवाय भारतातल्या कित्येक फोनमध्ये तिकडचे काही बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, नसतात, टी-मोबाइलचा ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ किंवा व्हेरायझनचा बँड १३ यांसारखे. मग शहरात ठीक चालतं, गावाबाहेर हायवेवर दांड्या गायब. या कंपन्यांच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून फोन चालेल का हे बघता येतं. मुलांना आयएमईआय पाठवा आणि सिम घेण्याआधी बघायला सांगा.

ऑस्ट्रेलियात तर याहून कडक. तिथे टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद केलं आणि ज्या फोनवरून तातडीच्या ००० नंबरला फोरजीवर कॉल लागत नाही, असे फोन नेटवर्कवरून बंद करण्याचा नियम आला. जुना फोन घेऊन जाणाऱ्या आजोबांना सिम कितीही चांगलं दिलं तरी उपयोग नाही. आधी फोन बदला.

दुबई-अबुधाबीत स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण कॉल लागत नाही, तिथे तो बंद आहे. बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप घरच्यांच्याही फोनवर टाकून ठेवा. चीनमध्ये स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद. रोमिंगच्या सिमवर मात्र ती चालतात, कारण रोमिंगचा डेटा आपल्या मूळ कंपनीमार्फत फिरून जातो. कँटन फेअर या व्यापारी मेळ्याला माल बघायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी म्हणूनच चीनमध्ये स्थानिक सिमच्या फंदात पडू नये, इथला रोमिंग पॅकच बरा.

थायलंड, सिंगापूर, श्रीलंका इथे विमानतळावर उतरताच काउंटरवर पर्यटकांचं सिम मिळतं. पासपोर्ट दाखवावा लागतो. काउंटरवरच्या मुलाकडूनच ते घालून घ्या, नेट चालू झालेलं बघूनच हला. भारतातलं सिम तो काढून कागदात गुंडाळून देईल. त्याला सांगा, हे दुसऱ्या खाचेत घाल. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात.

सिंगापूरहून क्रूझवर जाणारी बरीच मंडळी आहेत. किनारा सुटला की जहाजाचं स्वतःचं, उपग्रहावरून चालणारं नेटवर्क फोन पकडतो. सिंगापूरचा पॅक तिथे लागू नाही आणि त्याचे दर फार चढे असतात. विमानातही काही ठिकाणी असं नेटवर्क असतं. दोन्हीकडे फ्लाइट मोड लावा. जहाजावर नेट हवंच असेल तर जहाजाचं वायफाय विकत घ्या.

डेटा किती लागतो

नकाशा आणि मेसेज यांना फार थोडा लागतो. खातो तो व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलला ढोबळ मानाने मिनिटाला पाच एमबी धरा, तासाला तीनशे. हॉटेलच्या वायफायवरून घरी बोलणारा माणूस दिवसाला अर्ध्या जीबीत आरामात राहतो. खरा खर्च तुमच्या नकळत होतो. दिवसभराचे फोटो गूगल फोटोवर आपोआप चढतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ आपोआप उतरतात. निघण्याआधी दोन्ही "फक्त वायफायवर" करा. गूगल मॅप्समध्ये त्या शहराचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, नेट नसतानाही रस्ता दिसतो. "अनलिमिटेड" लिहिलेल्या पॅकला बहुतेक वेळा रोजची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग इतका उतरतो की नकाशाही उघडत नाही. हॉटस्पॉट चालतो का, हेही तिथेच बारीक अक्षरात असतं.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात

आमच्याकडे एकीकडे लिलो चिवडा आणि भाकरवडी सामानात बसवणं चालू असतं, तेव्हा मी फोन घेऊन बसते. क्रम असा. घरच्या वायफायवर ई-सिम उतरवायचं, कारण ते उतरायला नेट लागतं आणि विमानतळाच्या वायफायवर भरवसा नको. त्याआधी त्याची मुदत उतरवल्यापासून सुरू होते की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, ते वाचायचं. उतरवल्यापासून असेल तर आदल्या रात्रीच करायचं. मग दोन्ही सिमना नावं द्यायची. मी "भारत" आणि "बाहेर" अशीच देते, म्हणजे ज्येष्ठांचा गोंधळ होत नाही. "बाहेर"चं डेटा रोमिंग चालू, "भारत"चं बंद. मोबाइल डेटासाठी "बाहेर" निवडायचं. एक सेटिंग हमखास राहून जातं, ते म्हणजे एका सिमचं नेट कमी पडलं की फोनने आपोआप दुसऱ्यावर उडी मारण्याचं. आयफोनमध्ये ते मोबाइल डेटाच्या पानावर "डेटा स्विचिंग" नावाने असतं, अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये. ते बंद करा, नाहीतर गुपचूप "भारत"वरून नेट वापरलं जातं.

शेवटी एक कागद. त्यावर मुलांचा तिथला नंबर, टूर मॅनेजरचा नंबर, राहण्याचा पत्ता आणि सिम कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर, मोठ्या अक्षरात. तो पासपोर्टच्या पाकिटात. फोनची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. सिम काढायची पिन त्याच पाकिटात चिकटपट्टीने लावून टाका.

बँकेलाही कळवा, किंवा तिच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. ओटीपी ईमेलवरही येण्याची सोय असेल तर ती इथेच घ्या.

उतरल्यावर

फ्लाइट मोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. फोनला नेटवर्क शोधायला वेळ लागतो, घाईघाईने सेटिंग बदलत सुटू नका. नेट नाही आलं तर फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही नाही आलं तर "बाहेर"चं डेटा रोमिंग चालू आहे ना ते बघा, दहापैकी आठ वेळा घोळ तिथेच असतो. त्यानंतर नेटवर्क हाताने निवडा. त्याउपर एपीएन, म्हणजे फोन कंपनीच्या नेटला जोडणारी सेटिंग, तपासा, ते काय टाकायचं हे सिमसोबतच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. तो ईमेल विमानतळावर नेटशिवाय उघडत नाही, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढलेला हवा.

पहिल्याच दिवशी एक परीक्षा घ्या. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ओटीपी लागेल असं एखादं बारीकसं काम करून बघा. मेसेज आला तर नंबर जागा आहे. नाही आला तर इथे घरी असलेल्या माणसाला कंपनीच्या दुकानात पाठवता येतं, आणि हे एफडी मोडायच्या रात्री कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी कळलेलं कितीतरी बरं.

दर पंधरा दिवसांनी "भारत" सिमवर एखादा मेसेज आलाय का ते बघत राहा. वर्षाचा प्लॅन असला तरी फोन अपडेट झाल्यावर किंवा चुकून बोट लागून ते सिम बंद झाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

घरी परतल्यावर

अहमदाबादला उतरून एक्स्प्रेस वेवर गाडी लागली की मी फोन करून सांगते, आता मोबाइल डेटा "भारत"वर करा. रोमिंगची सेवा बंद करून टाका. प्रवासाचं ई-सिम आपोआप रिन्यू होणारं असेल तर आधी त्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते थांबवा आणि मगच ई-सिम काढा, नाहीतर कार्डावरून पैसे जात राहतात. मुलांच्या फॅमिली प्लॅनमधली लाइन मात्र लगेच काढायला सांगू नका. पुन्हा जायचं असेल तर मुलांशी बोलून ती ठेवायची की नाही ते ठरवा, कारण तिथल्या डॉक्टरकडे आणि औषधाच्या दुकानात तोच नंबर नोंदलेला असतो. आत्याची लाइन तिच्या लेकीने तशीच ठेवली आहे. पुढच्या मे महिन्यात आत्या परत निघतेय, आणि या वेळी तिचं इथलं सिम फोनमध्येच आहे. कुंकवाची डबी मी घासूनपुसून देवघरात परत ठेवली.